आजीचं गोंदण आणि मोबाईलचा कॅमेरा

मित्रहो, सिग्नल प्रोसेसिंग हा विषय आपल्यापैकी बहुतेकांना व्हायवाच्या आदल्या रात्री पहिल्यांदा भेटतो. मलाही तसाच भेटला, आणि पेपर झाल्यावर विसरूनही गेलो. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्या विषयाचं पुस्तक मी परीक्षा नसताना उघडलं. हॉस्टेलवर कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

माझी आजी पंचवटीत जुन्या वाड्यात राहायची. आषाढात तिचं सहस्रचंद्रदर्शन केलं. घरभर पाहुणे, बाहेर पाऊस, आणि औक्षणाचं तबक हातात घेतलं तेव्हाच नेमकी लाईट गेली! कुणीतरी इन्व्हर्टरचं नाव काढलं, पण आजी म्हणाली, "राहू दे रे, एक्याऐंशी दिवे आहेत की समोर, अजून काय पाहिजे?" खरंच, त्या उजेडात ती इतकी छान दिसत होती की मी माझा नवा मोबाईल काढला आणि फोटो घेतला. फोटो एकदम झकास आला. ना काळोख, ना दाणे. सगळ्यांनी आपापल्या फोनवर मागून घेतला.

मार्गशीर्षात आजी गेली. भिंतीवर लावायला तोच फोटो मोठा करून आणला. आत्याने तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अरे बाळा, आईची हनुवटी पुसलीस की काय? गोंदण कुठे गेलं?"

आजीच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते. लहानपणी मी त्यांच्यावर बोट ठेवून आकडे मोजायला शिकलो. फोटोत हनुवटी होती, पण गुळगुळीत. मी काहीही एडिट केलं नव्हतं. मग ठिपके पुसले कुणी?

याचं उत्तर शोधताना सुरुवात पावसापासून करावी लागते. अंगणातल्या फरशा डोळ्यांसमोर आणा. मुसळधार पाऊस असेल तर सगळ्या फरशा सारख्याच भिजतात. पण नुसती भुरभुर चालू असेल तर एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर सात, असा प्रकार होतो. पाऊस दोन्हींवर एकच, तरी मोजणी वेगळी. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. त्या थेंबांना आपण फोटॉन म्हणतो आणि सेन्सरवरचा पिक्सेल म्हणजे एक फरशी. सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा, फक्त १ टक्का. पण सरासरी १०० च फोटॉन असतील तर चढउतार १० चा, म्हणजे सरळ १० टक्के! फोटोत दिसणारे दाणे म्हणजे मुख्यतः हाच चढउतार. याला नॉईज म्हणायचं. सेन्सरच्या सर्किटचा स्वतःचा थोडा नॉईज त्यात भर घालतो. म्हणजे दोष फक्त कंपनीचा नाही, निसर्गाचाच हिशेब तसा आहे.

आता उजेड किती होता ते पाहू. भर दुपारचं ऊन सुमारे १ लाख लक्स असतं. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण १ लक्स. निरांजनाची वात त्याहून लहान. म्हणजे ८१ वाती मिळूनही एक मीटरवर उन्हाच्या हजाराव्या भागाइतका उजेड नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सूर्यप्रकाशात चित्रित केला तो काही हौस म्हणून नव्हे. प्रकाशाला पर्याय नसतो!

त्यात मोबाईलचा सेन्सर केवढा? मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मि.मी., म्हणजे ८६४ चौ.मि.मी. मोबाईलमधला एक नेहमीचा सेन्सर साधारण ५.६ बाय ४.२ मि.मी., म्हणजे जेमतेम २४ चौ.मि.मी. पावसात एकाने परात ठेवली, दुसऱ्याने वाटी. शिवाय रंग कळावा म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. कोडॅकच्या ब्राईस बायर यांना या रचनेचं पेटंट १९७६ साली मिळालं. त्या काचेमुळे आलेल्या प्रकाशातलाही बराचसा अडतो. "मग आयएसओ वाढव की," असं रूममेट म्हणाला. पण आयएसओ म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवण्यासारखं आहे. गाणं मोठं होतं, तशी खरखरही मोठी होते.

म्हणून फोन नॉईज काढायला बसतो. सगळ्यात सोपी रीत पाहा. एका पिक्सेलची किंमत ९० आहे आणि भोवतालच्या आठ जणांच्या २४ ते २८ च्या दरम्यान. नऊही आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. ९० च्या जागी २६ आला, दाणा गायब! याला मिडियन फिल्टर म्हणतात. पण आता मधल्या पिक्सेलची किंमत १२ आहे आणि तो दाणा नसून खराखुरा काळा ठिपका आहे असं समजा. फिल्टरला काय कळणार? तो तिथेही २५ लिहून मोकळा होतो. मोबाईलमधले फिल्टर याहून बरेच हुशार असतात, कडा ओळखतात, सारखे दिसणारे तुकडे शोधून त्यांची सरासरी घेतात. पण मूळ प्रश्न तोच राहतो. एकटा, बारीक, फिकट ठिपका हा नॉईज की माहिती?

आजीच्या गोंदणाचा हिशेब मी वहीत मांडला. समजा कातडीवरून १०० फोटॉन आले आणि गोंदणावरून ९२. फरक ८ चा आणि चढउतार १० चा. म्हणजे ठिपका नॉईजमध्येच बुडाला. त्यात रंगाची आणखी एक गंमत. आपल्या डोळ्यांना उजेडातले बारकावे चांगले कळतात, रंगातले कमी. म्हणून रंगाचा नॉईज काढताना फोन जास्त जोरात हात फिरवतो. हिरवट ठिपक्याला शेजारच्या कातडीचा रंग लागला आणि संपलं.

यावर खरा उपाय आहे तो म्हणजे जास्त प्रकाश गोळा करणे. तो एकदम मिळत नसेल तर हप्त्याहप्त्याने घ्यायचा. नाईट मोड हेच करतो. गुगलने २०१८ मध्ये नाईट साईट आणलं, ॲपलने २०१९ मध्ये आयफोन ११ बरोबर नाईट मोड. फोन भराभर अनेक फोटो घेतो, हात हललेला असतो तो हिशेबात धरून एकावर एक जुळवतो आणि सरासरी काढतो. १६ फोटो घेतले तर माहिती १६ पट, पण नॉईज फक्त ४ पट वाढतो. आपल्या उदाहरणात फरक १२८ आणि चढउतार ४०. ठिपका पाण्याबाहेर आला! पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. आकाशातला क्षीण रेडिओ सिग्नल पकडायला त्या तासन्‌तास एकाच दिशेला रोखून ठेवतात ते याच तत्त्वावर.

मग माझ्या फोटोत हे का झालं नाही? कारण आजी हसत होती, मान हलवत होती आणि वाती फडफडत होत्या. हललेला भाग एकमेकांवर जुळत नाही. जुळवला तर भुतासारखी दुहेरी हनुवटी येते. म्हणून फोन तेवढ्या भागापुरते बाकीचे फोटो सोडून देतो आणि उरलेल्यावर जोरात फिल्टर फिरवतो. भर म्हणजे माझ्या फोनमध्ये ब्युटी मोड चालू होता. तो तर डाग घालवायलाच बसलेला.

मी आठ दिवस लॅबमध्ये बसून त्या फोटोतून गोंदण परत आणायचा प्रयत्न केला. नाही आलं. पुसलेली माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरला परत मिळवता येत नाही. आजकालचं एआय तिथे तीन ठिपके सुबक काढून देईल, पण ते त्याने काढलेले असतील, आजीचे नसतील.

तेव्हा मंडळी, गॅदरिंगला किंवा रामकुंडावर संध्याकाळी फोटो काढताना एवढं करा. लेन्स रुमालाने पुसा. कोपर भिंतीला किंवा पोटाला टेकवा. समोरच्याला दोन-तीन सेकंद स्थिर राहायला सांगा. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. ब्युटी मोड बंद करा. फोनमध्ये रॉची सोय असेल तर महत्त्वाच्या प्रसंगी तीही चालू ठेवा, त्यात सेन्सरची माहिती बरीचशी जशीच्या तशी राहते. आणि एकावर थांबू नका, पाच-सहा फोटो काढा.

शेवटी फोटो मिळाला तो आतेभावाच्या जुन्या, काच फुटलेल्या फोनमध्ये. त्याच रात्रीचा, त्याच दिव्यांचा. दाणे इतके की कुणीही डिलीट केला असता. पण झूम केलं तर हनुवटीवर तीन ठिपके होते, अस्पष्ट, तरी होते. आम्ही तोच मोठा करून घेतला. चार पावलं मागे उभं राहिलं की आपला डोळाच दाण्यांची सरासरी काढतो आणि आजी नीट दिसते. आत्या मात्र जवळ जाते, काचेवर बोट ठेवते आणि मोजते, एक, दोन, तीन.

- तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार