सौंसरच्या संगमरवरातला समुद्र

पांढुर्णा-सौंसर म्हटले की आठवतात संत्र्याच्या बागा, कपाशी आणि पोळ्यानंतरची गोटमार. समुद्राचा इथे काय संबंध? पण भूविज्ञानात सौंसरचे नाव झाले ते एका आटलेल्या समुद्रामुळेच. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातल्या मँगनीजवाल्या खडकांना ‘सौंसर समूह’ म्हणतात.

पांढुर्ण्याकडचा काळा फत्तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सौंसर समूह त्याहून कितीतरी जुना. समुद्रतळावर साचलेल्या चुनखडीचा उष्णतेने आणि दाबाने इथे संगमरवर झाला. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की त्यातले कॅल्साइट हे खनिज लगेच फसफसते, डोलोमाइट मात्र पूड केल्याशिवाय फारशी दाद देत नाही. प्रयोगशाळेत फॉस्फोरिक आम्ल वापरून असा फसफसून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू गोळा करतात आणि त्यातला कार्बन तपासतात.

कार्बनचे दोन स्थिर प्रकार आहेत: हलका कार्बन-12 जवळजवळ 99 टक्के, जड कार्बन-13 जेमतेम एक टक्का. जिवांना हलका अधिक मानवतो. समुद्र चढला, उथळ किनारे रुंदावले आणि मेलेले शेवाळ गाळात गाडले गेले, की हलका कार्बन अडकून पडतो. पाण्यात जडाचे प्रमाण वाढते आणि तेच चुनखडीत उतरते. समुद्र ओसरला की उघडा पडलेला गाळ झिजतो, हलका कार्बन परत पाण्यात येतो. गेल्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. तेव्हा जमिनीवरच्या जंगलांतलाही कार्बन समुद्रात गेला आणि खोल पाण्यातल्या जड कार्बनचे प्रमाण किंचित घटले.

सौंसरचे काय? भूवैज्ञानिक एस. पी. मोहंती आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये इथल्या कार्बोनेट थरांचे कार्बन आणि ऑक्सिजन तपासून मांडले, की हे थर एका प्राचीन हिमयुगाच्या पाठोपाठ साचले. असे थर जगात इतरत्रही सापडतात. बर्फ वितळून समुद्र जमिनीवर चढतानाची ती खूण मानली जाते.

मात्र इथे एक मोठी अडचण आहे. खडक भाजताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि जाताना जड कार्बन जास्त नेतो. म्हणजे आकडा घसरलेला दिसला, तरी तो समुद्रामुळे की भट्टीमुळे, हे आधी ठरवावे लागते. त्यामुळे सिलिकेट खनिजे मिसळलेले नमुने टाळून शुद्ध संगमरवर निवडतात. शिवाय या समूहाच्या वयाबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. वय पक्के झाल्याशिवाय सौंसरचा समुद्र जगातल्या नेमक्या कोणत्या हिमयुगाशी जोडायचा, हे ठरणार नाही.