हिब्रू बायबलमधील स्तुती आणि उपासना

हिब्रू बायबल, अर्थात ज्यू धर्मीयांचा तनाख हा ग्रंथसंग्रह, यात ईश्वराच्या स्तुतीसाठी आणि उपासनेसाठी अनेक शब्द योजलेले आहेत. मराठीत त्यांच्यासाठी स्तुती, स्तवन, भजन, आराधना हे शब्द आलटून पालटून वापरले जातात. मूळ भाषेत मात्र यांतील बहुतेक शब्दांमागे एखादी ठळक कृती उभी असते: पुकारणे, तार छेडणे, लोटांगण घालणे, राबणे.

स्तुतिवाचक शब्द

'हालल' या धातूचा अर्थ वाखाणणे असा आहे. 'हालेलूया' हा शब्द त्यापासूनच बनला. 'हल्लेलू' हे अनेकवचनी आज्ञार्थी रूप असून 'याह' हे ईश्वराच्या चार अक्षरी नावाचे संक्षिप्त रूप होय. म्हणजे आज आनंदोद्गार समजला जाणारा हा शब्द मुळात इतरांना केलेले आवाहन आहे. हा धातू माणसांसाठीही येतो. उत्पत्तीच्या १२व्या अध्यायात फारोचे सरदार सारायच्या रूपाची त्याच्यापुढे वाखाणणी करतात, तेथेही हेच क्रियापद आहे. चारचौघांत बोलून दाखवणे हा त्याचा गाभा.

'होदा' या क्रियापदात आभार मानणे आणि कबूल करणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. उपकाराची कबुली आणि अपराधाची कबुली यांना एकच शब्द पुरतो. त्याच धातूपासून आलेला 'तोदा' म्हणजे उपकारस्तुतीचे अर्पण. लेवीय ग्रंथाच्या ७व्या अध्यायानुसार या अर्पणाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे लागे; साहजिकच ते एकट्याने खाण्याचे नव्हते, असे अनेक भाष्यकार सुचवतात. लेआने आपल्या चौथ्या मुलाचे नाव यहूदा ठेवले ते याच क्रियापदावर श्लेष करून. 'यहुदी' हे नाव पुढे त्यावरून रूढ झाले.

'बेराख' म्हणजे आशीर्वाद देणे अथवा धन्य म्हणणे. ईयोबाच्या ग्रंथात मात्र 'ईश्वराला शाप देणे' हे शब्द उच्चारणेही अभद्र वाटल्याने त्या जागी हेच क्रियापद योजले आहे, आणि संदर्भावरून उलटा अर्थ घ्यावा लागतो. दिवा मालवताना 'दिवा वाढवणे' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये.

स्तोत्रसंहिता

१५० स्तोत्रांच्या या संग्रहाचे हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीते. प्रत्यक्षात 'तेहिल्ला' असे शीर्षक एकट्या १४५व्या स्तोत्राला आहे. ५७ स्तोत्रांवर 'मिझमोर', म्हणजे वाद्याच्या साथीने गायचे गीत, अशी नोंद आढळते. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, या संग्रहात संख्येने सर्वाधिक भरतात ती विलापगीते. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८वे स्तोत्र तेवढेही करत नाही, ते अंधारातच संपते. तरीही संकलकांनी त्याला स्तुतिगीतांतच स्थान दिले. तक्रार ईश्वरासमोर मांडणे हे त्याच्याकडे पाठ फिरवण्यासारखे नाही, असाच या निवडीचा अर्थ दिसतो.

नमन आणि सेवा

'हिश्तहावा' म्हणजे भुईपर्यंत वाकून नमन करणे, आपल्याकडील दंडवत. ते राजापुढे वा यजमानापुढेही घातले जाई. अब्राहाम पत्नीसाठी दफनभूमी मागताना हित्ती लोकांपुढे असाच वाकतो. उलट एस्तेरच्या ग्रंथात मर्दखय हामानापुढे वाकण्याचे नाकारतो आणि त्यामुळे साऱ्या ज्यू समाजाचा जीव धोक्यात येतो.

'अवोदा' हा शब्द अधिक विचार करायला लावणारा आहे. त्याचा अर्थ काम, चाकरी. निर्गमाच्या आरंभी इस्राएल लोकांकडून मिसरी लोक जी विटामातीची वेठ करवून घेतात तिला 'अवोदा' म्हटले आहे. आणि मोशे फारोकडे लोकांची सुटका मागतो ती त्यांनी ईश्वराची सेवा करावी म्हणून, तेथेही धातू तोच. दास्य संपणार होते ते एका धन्याचे. दहा आज्ञांत इतर देवांपुढे वाकण्यास व त्यांची सेवा करण्यास मनाई करताना 'हिश्तहावा' आणि 'आवद' ही दोन्ही क्रियापदे जोडीने येतात.

संदेष्ट्यांची टीका

इ.स.पू. आठव्या शतकातील आमोस, यशया आणि मीखा यांनी अन्यायावर पांघरूण घालणाऱ्या उपासनेवर कठोर प्रहार केले. आमोसाच्या ५व्या अध्यायात ईश्वर उत्सव, होम आणि गाणी नाकारून न्यायाची मागणी करतो. तेथे वाद्यसंगीतासाठी आलेला शब्द 'मिझमोर'च्याच कुळातला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे.

मंदिरानंतर

जेरुसलेमचे दुसरे मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केल्यावर बलिदाने थांबली. रब्बींनी प्रार्थनेला 'हृदयाची अवोदा' म्हटले. शब्द जुनाच राहिला, कृती बदलली. ११३ ते ११८ या स्तोत्रांचा 'हल्लेल' सणांना म्हटला जातो. वल्हांडणाच्या पहिल्या दिवसानंतर (इस्राएलबाहेर पहिल्या दोन दिवसांनंतर) मात्र तो कापून म्हणतात. समुद्रात बुडालेले मिसरीही ईश्वराचीच निर्मिती होते, म्हणून आनंद अपुरा ठेवायचा, असे त्याचे एक पारंपरिक स्पष्टीकरण आहे.

वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या 'हग्गादा' या पोथीतही हल्लेल असतो. कोकणातून मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या बेने इस्राएल समाजासाठी मराठी अनुवादासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये व पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली.