जुना दाढीचा ब्रश : मूठ ठेवा, केस बदला

घरच्या घरी करता येणारे दुरुस्तीचे काम आणि त्यातील हलाल-हरामचा प्रश्न

दाढीचा ब्रश ही तशी क्षुल्लक वस्तू. फोम आणि जेलच्या डब्यांनी तिला मागे सारले. तरी ती संपलेली नाही. गालावरचे खत काढताना, हज-उमरानंतर डोके मुंडताना किंवा अकीक्यात बाळाचे जावळ काढताना अनेक हजामांच्या हाती आजही ब्रशच असतो. जुन्या वस्तूंचे शौकीन तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ब्रश शोधून विकत घेतात. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी, लाकडी आणि बेकलाइटच्या मुठीचे असे ब्रश भंगाराच्या टोपलीत पडलेले सापडतात. केस झडलेले आणि मुठीवर साबणाचा थर बसलेला असल्याने त्यांना कोणी हात लावत नाही. ज्याच्या हातात थोडे कसब आहे, त्याच्यासाठी मात्र हे घरबसल्या करता येण्याजोगे काम आहे.

परंतु आपल्या कारागीर बांधवांनी या कामात एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. जुन्या ब्रशात जपण्यासारखे काही असेल तर ती त्याची मूठ. जुने केस धुऊन, विंचरून पुन्हा वापरात आणण्याचा मोह टाळावा. त्याला दोन कारणे आहेत. एक दीनाचे आणि दुसरे आरोग्याचे.

केस कोणाचे?

जुन्या ब्रशात प्रामुख्याने तीन प्रकारचे केस आढळतात : डुकराचे, बॅजर या बिळात राहणाऱ्या जंगली प्राण्याचे आणि घोड्याचे. सर्वांत स्वस्त म्हणून डुकराच्या केसांचा वापर अधिक होता. मुठीवर नुसते ‘प्युअर ब्रिसल’ असे कोरलेले असले तर भोळा गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘शुद्ध केस’ असा लावतो. या धंद्यात ‘ब्रिसल’ म्हणजे बहुतेक वेळा डुकराचेच राठ केस. ‘प्युअर बॅजर’, ‘बेस्ट बॅजर’, ‘सिल्व्हर टिप’ ही बॅजरच्या केसांची प्रतवारी आहे.

शिक्का पुसला गेला असेल तर भिंग घेऊन केस पाहावेत. डुकराचा केस जाड व ताठ असतो आणि त्याचे टोक फाटून दोन-तीन फाटे झालेले दिसतात. बॅजरच्या केसावर तीन पट्टे असतात : टोक पांढरट, मध्ये काळा पट्टा आणि बुडाशी पुन्हा फिकट रंग. घोड्याचा केस चकचकीत आणि बहुधा एकाच रंगाचा असतो. डुकराच्या केसांवर काळा पट्टा रंगवून ते बॅजरसारखे दाखवण्याची चालही जुनी आहे. म्हणून रंगावर न जाता टोक पाहावे. नायलॉनचा संशय असेल तर एक केस उपटून, मुठीपासून दूर नेऊन काडीने जाळून पाहावा. खरा केस जळक्या केसाचा वास देऊन राख होतो, तर नायलॉन वितळून त्याची टणक गोळी होते.

दीनाचा मसला

डुकराचे केस नापाक आहेत, हे बहुतेक फुकहांचे मत आहे. जुन्या काळी चामडे शिवायला त्या केसांवाचून मोच्यांचे काम अडत असे, म्हणून हनफी फुकहांनी त्यांना गरजेपुरती सवलत दिली होती. ती सवलत गरजेची होती, शौकाची नव्हती. 1938 साली नायलॉनच्या तारांचा दात घासण्याचा ब्रश बाजारात आला आणि तेव्हापासून डुकराच्या केसांना पर्याय मिळत गेला. आज उत्तम कृत्रिम केस सहज मिळत असताना दाढीच्या ब्रशासाठी गरजेचे कारण पुढे करता येणार नाही. शिवाय हा ब्रश वापरला जातो तो ओलाच. त्याचा फेस चेहऱ्याला, मानेला आणि कपड्याला लागतो आणि तोच माणूस पुढे नमाजला उभा राहतो.

बॅजर व घोड्याच्या केसांबाबत मसलकाप्रमाणे फरक पडतो. हनफी मसलकात डुक्कर वगळता इतर मेलेल्या जनावरांचे केस पाक मानले जातात. शाफई मसलकात मात्र रीतसर जिबह न झालेल्या जनावराचे केस नापाक ठरतात. आपल्याकडे कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आणि दख्खनचे बहुतांशी हनफी. म्हणजे एकाच दुकानात येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांसाठी उत्तर वेगळे असू शकते. कृत्रिम केसांचा गुच्छ बसवला की हा प्रश्नच उरत नाही. तपशिलाबाबत आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे.

आरोग्याचे कारण

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना चेहऱ्यावर व मानेवर अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, होऊ लागली. त्यात मृत्यूही झाले. तपासात मूळ सापडले ते दाढीच्या ब्रशात. युद्धामुळे नेहमीचा माल बंद पडला होता आणि नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस ब्रशात भरले जात होते. ब्रिटनने 1920 मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. त्यानंतरच्या काळातील अनेक ब्रशांवर ‘स्टरिलाइज्ड’ असा शिक्का दिसतो, तो याच धास्तीपोटी.

या रोगाचे बीजाणू कित्येक दशके तग धरतात आणि घरच्या पातेल्यात थोडा वेळ उकळून ते मेल्याची खात्री देता येत नाही. म्हणून 1930 च्या आधीचा किंवा काळ न समजणारा, जनावराच्या केसांचा ब्रश उघडण्याच्या भानगडीत पडू नये. तो तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवावा. मुठीच्या मोहाने आजार ओढवून घेणे हा सौदा नव्हे.

मूठ पारखून घ्या

बेकलाइटची मूठ जड असते. अंगठ्याने जोरात घासून गरम केली की तिला औषधासारखा उग्र वास येतो. सेल्युलॉइडला घासल्यावर कापराचा वास येतो आणि ते झटकन पेट घेते. त्यामुळे तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी परीक्षा येथे करू नये. हाडाच्या मुठीवर बारीक ठिपके दिसतात, तर हस्तिदंताच्या बुडाला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात कायद्याने बंद आहे. अशी मूठ स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

मुठीला आरपार तडा असेल तर ती सोडून द्यावी, कारण तिच्यात पाणी शिरते आणि नवा गुच्छ टिकत नाही. नुसते ओरखडे आणि डाग असतील तर काळजीचे कारण नाही.

कामाची रीत

1. हातमोजे व तोंडावर मास्क लावावा. केस आधी साबणाच्या पाण्याने चिंब भिजवावेत, म्हणजे धूळ उडणार नाही. मग ते मुठीच्या काठापर्यंत कात्रीने किंवा करवतीच्या पात्याने कापावेत. कापलेले केस ओले असतानाच पिशवीत बांधून टाकावेत.

2. मूठ रबराच्या किंवा चामड्याच्या पट्टीत गुंडाळून व्हाइसमध्ये हलकेच पकडावी. गुच्छाच्या मधोमध बारीक ड्रिलने भोक पाडावे आणि मग क्रमाक्रमाने मोठे ड्रिल वापरावे. जुने गुच्छ राळेत किंवा कडक रबरात बसवलेले असल्याने ते ओढून निघत नाहीत. ड्रिल सावकाश चालवावे, थांबून थांबून गार होऊ द्यावे. घाईत मूठ तापते आणि तडकते.

3. कडेला उरलेला भाग गोल कानशीने काढावा. बेकलाइटची भुकटी फुप्फुसाला घातक असते. ती ओल्या फडक्याने टिपावी, फुंकर मारू नये.

4. आता मूठ आतून-बाहेरून धुवावी. डुकराचे केस निघाले असतील तर शाफई रीतीप्रमाणे सात वेळा धुवावी, त्यात एकदा माती मिसळलेल्या पाण्याने. हनफी रीतीत तीन वेळा नीट धुतात. त्यानंतर एक दिवस वाळू द्यावी.

5. पॉलिश करताना लाकडी मुठीवर 240 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून 400 आणि 600 पर्यंत जावे, मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा किंवा वॉर्निश लावावे. बेकलाइटवर पाण्यात भिजवलेला 1000 व 2000 नंबरचा कागद फिरवून शेवटी धातूच्या पॉलिशने चमक आणावी. पितळेला चिंच चालते. कंपनीचा शिक्का मात्र घासून घालवू नये. शौकीन गिऱ्हाईक त्यासाठीच जास्त पैसे मोजतो.

नवा गुच्छ

बाजारात ‘नॉट’ या नावाने कृत्रिम केसांचे तयार गुच्छ मिळतात. साधारण 20 ते 26 मिलिमीटरची मापे चालतात. खोबणीचा व्यास गुच्छाच्या बुडापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर जास्त असावा. मुठीच्या वर केस किती राहतात यावर ब्रशाची लवचीकता ठरते. 24 मिलिमीटरच्या गुच्छाला 50 मिलिमीटरच्या आसपास उंची ठीक पडते. उंची कमी ठेवली की ब्रश ताठ होतो आणि जास्त ठेवली की पडेल होतो. खोबण खोल असेल तर तळाशी लाकडाची चकती टाकून उंची साधावी. आधी गुच्छ कोरडाच बसवून पाहावा, चारही बाजूंनी तो सरळ दिसतो की नाही ते तपासावे, मगच गोंदाला हात लावावा.

गोंद दोन नळ्यांचा, अराल्डाइटच्या जातीचा घ्यावा. तो खोबणीच्या तळाला व खालच्या कडेलाच लावावा. वर चढून केसांत शिरला तर गुच्छ दगडासारखा होतो. 24 तास ब्रशाला हात लावू नये. त्यानंतर दोन-तीनदा साबणाचा फेस करून धुवावा, म्हणजे केस मोकळे होतात.

मुंगसाच्या केसांचा गुच्छ कोणी देऊ केला तर साफ नकार द्यावा. मुंगसाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. चित्रकलेच्या ब्रशांसाठी या केसांचा चोरटा व्यापार चालतो, म्हणून 2019 मध्ये सरकारी यंत्रणांनी देशात अनेक ठिकाणी छापे घातले. ब्रशांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्याचे शेरकोट हे गावही त्यातून सुटले नाही. थोड्या नफ्यापायी कारागिराला कोर्टाची पायरी चढावी लागते, ती अशी.

हिशेब आणि सचोटी

हे काम करणाऱ्याने वहीत प्रत्येक ब्रशाचा वेगळा हिशेब मांडावा : जुन्या ब्रशाची खरेदी, गुच्छ, गोंद, कागद, पॉलिश आणि आपले तास. तासांची मजुरी न धरता नफा काढणे ही आपल्या अनेक कारागिरांची जुनी चूक आहे. सुरुवातीला एकदम मोठी खरेदी करू नये. चार-पाच स्वस्त मुठींवर हात बसवावा. त्यातील एखादी तडकणारच. ते शिकण्याचे मोल समजावे.

विकताना ब्रशासोबत एक चिठ्ठी द्यावी : मूठ जुनी, गुच्छ नवा व कृत्रिम, दुरुस्ती अमुक महिन्यात केली. मुठीला डाग किंवा बारीक तडा असेल तर तोही लिहावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. ब्रशाच्या धंद्यात आतला ओला माल म्हणजे मुठीत दडलेले केस. गिऱ्हाइकाला ते ओळखता येत नाहीत, कारागिराला येतात. म्हणूनच ते सांगण्याची जबाबदारी कारागिराची.

जुना ब्रश तसाच, न उघडता विकायचा असेल तर केस कोणाचे आहेत हे गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचा असला तरी सांगावे. डुकराच्या केसांचा माल विकणे आपल्याला जायज आहे का, हेही आलिमांना आधी विचारावे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे केस काढून टाकणे आणि चांगल्या मुठीचा धंदा करणे.

शेवटी घेणाऱ्यालाही एक सूचना द्यावी. वापरानंतर ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून मोकळ्या हवेत टांगावा. ओला ब्रश बंद डब्यात ठेवला तर बुरशी धरतो आणि गुच्छ सुटतो. नीट वाळवला तर तो वर्षानुवर्षे चालतो, आणि ज्याने तो बसवला त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.