बिट कुणाच्या नजरेने वाटायचे?

भात तयार होऊ लागलं की डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमू लागतं आणि त्याच्या सुरावर नाच रंगतो. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात कुणीतरी तो नाच मोबाइलवर टिपतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून शहरातल्या नातेवाइकांना पाठवतो. तिकडे नाच पोचतो खरा, पण पावलांच्या जागी नुसते चौकोनी डाग सरकत असतात.

याचं कारण साधं आहे. फुल एचडी चित्रण काहीही न गाळता पाठवायचं, तर सेकंदाला दीडशे एमबीहून जास्त माहिती लागेल. म्हणून चित्रण आवळणारा एन्कोडर प्रत्येक चौकटीचे (फ्रेमचे) छोटे ठोकळे पाडतो, आधीच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवतो आणि बारीक तपशील गाळतो. या गाळणीमागचं डीसीटी नावाचं गणित १९७४ साली मांडणाऱ्यांत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद होते. रात्रीचा नाच म्हणजे एन्कोडरची कसोटीच. माणसं सतत फिरत असतात आणि अंधारामुळे चित्रात उमटणारे दाणेही दर चौकटीत बदलतात.

मग काटकसर करायची कुठे? माणसाच्या डोळ्याला एका वेळी अगदी लख्ख दिसतो तो सुमारे दोन अंशांचाच भाग, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. बाकीचं दृश्य अंधूकच असतं. सेकंदाला तीन-चार वेळा नजर उडी घेते, त्यामुळे सगळंच स्पष्ट दिसल्याचा भास होतो. डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकून आय-ट्रॅकर या उड्या टिपतो. नजर जिथे ठरते तिथे बिट, म्हणजे माहितीचे कण, सढळ हाताने द्यायचे आणि इतरत्र हात आखडायचा, ही काटकसरीची कल्पना. २०२३ साली आलेल्या प्लेस्टेशन व्हीआर२ या हेडसेटमध्ये खेळाचं चित्र रेखाटताना हेच तत्त्व वापरता येतं. पण एकच व्हिडिओ हजारो जण पाहतात, तेव्हा प्रत्येकाची नजर मोजता येत नाही. तिचा अंदाज बांधावा लागतो. लॉरेंट इट्टी यांनी २००४ साली अशा अंदाजावर चालणारी कॉम्प्रेशनची पद्धत मांडली. रंग, उजेडातला फरक आणि हालचाल यांवरून तिचं प्रारूप लक्षवेधी जागा हेरत असे. पुढच्या अनेक प्रारूपांनी चेहऱ्यांना मोठं वजन दिलं.

डहाणूत मात्र हा हिशेब अडतो. तारपा नाचात सूर बदलला की पावलं बदलतात. जाणत्याला पाहायची असतात ती पावलं. वारली चित्रातल्या माणसांना तर बहुधा नाक-डोळेच नसतात. गंजाडचे वारली चित्रकार, पद्मश्री जिव्या सोमा मशे मासेमारीचं जाळं रंगवत, तेव्हा चित्रभर पसरलेली पांढरी बारीक रेघ हाच त्या चित्राचा जीव असे. आणि नेमक्या अशा बारीक रेघाच गाळणीत आधी जातात.

रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी १९६०च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली होती. एकाच प्रेक्षकाला एकच चित्र दाखवून माणसांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर जाई. घरची परिस्थिती विचारली की कपड्यांवर आणि सामानावर. काय शोधायचं आहे, त्यावर नजर ठरते. म्हणून या प्रारूपांना शिकवायला नजरेच्या नोंदी गोळा करताना तारपा नाचणाऱ्यांना आणि लग्नात भिंतीवर चौक हे चित्र लिहिणाऱ्या बायकांनाही पडद्यासमोर बसवायला हवं. त्यांच्या नजरेवाचून बांधलेला अंदाज त्यांच्या कलेसाठी अपुराच आहे.

तोवर नाच टिपणाऱ्यांना एकच विनंती: कॅमेऱ्यातली मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या प्रतीतून गळालेला तपशील पुन्हा मिळवता येत नाही.