नौकेच्या एंजिनाचे पाणी जाते कोठे?

मासेमारीहून परतणारी नौका खाडीच्या तोंडाशी यावी आणि नेमका त्याच वेळी एंजिनाच्या तापमापकाचा काटा चढू लागावा, ही तांडेलास सर्वांत नकोशी वाटणारी घटना होय. एका बाजूस वाळूची पुळण, दुसऱ्या बाजूस खडक. एंजिन बंद करावे तर नौका वाहत जाते, चालू ठेवावे तर एंजिन जळते. निदान करावयाचे ते त्याच्या कितीतरी आधी, धक्क्यावर. पहिली सूचना बहुधा काटा देतच नाही. रोज सकाळी टाकीत घालावे लागणारे तांब्याभर पाणी ती देत असते.

अशा बहुतेक एंजिनांत पाण्याचे दोन निरनिराळे फेरे चालतात. गोडे पाणी एंजिनाच्या पोटात फिरून तेथील उष्णता घेते व पुन्हा तेथेच परतते. समुद्राचे पाणी तळाच्या झडपेतून, गाळणीतून, रबरी पात्यांच्या पंपाने ओढले जाऊन उष्णता-विनिमयकाच्या बारीक नळ्यांतून वाहते आणि धुराच्या नळीवाटे बाहेर पडते. दोघांमध्ये असते ती धातूची एक पातळ भिंत. तीतून उष्णतेने जावे, पाण्याने जाऊ नये.

यास्तव पहिला प्रश्न असा की, एंजिन तापले तेव्हा गोडे पाणी पुरेसे होते की नाही? पुरेसे असेल, तर संशय प्रथम खाऱ्या पाण्यावर घ्यावा. नौकेच्या मागे धुराबरोबर पडणारी धार रोजच्यासारखी आहे काय, हे पाहण्यास कोणतेही हत्यार लागत नाही. धार बारीक झाली असेल तर गाळणीत शेवाळ वा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते, किंवा पंपाची पाती तुटलेली असतात. पावसाळ्यात बंद राहिलेल्या नौकांत ही पाती एकाच बाजूस वाकून आखडतात. तुटलेले तुकडे मोजून सर्व बाहेर काढावेत. राहिलेला तुकडा पुढे जाऊन विनिमयकाचे तोंड बुजवितो, आणि मग नवा पंप बसवूनही ताप उतरत नाही. धार ठीक असेल तर गोड्या पाण्याच्या पंपाचा पट्टा आणि थर्मोस्टॅट पाहावा.

गोडे पाणीच कमी होत असेल, तर चौकशी निराळी. येथे एक सावधगिरी हवी. २० लिटर पाणी २५ अंश सेल्सियसवरून ८५ अंशांवर गेले की अर्ध्या लिटरहून थोडे अधिक फुगते. टाकी काठोकाठ भरणाऱ्याचे तेवढे पाणी बाहेर पडणारच. ती गळती नव्हे. मात्र पातळी त्याहून खाली जातच राहिली, तर नौकेचा तळ कोरडा पुसून एंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. ओला डाग कोठे पडतो, नळ्यांच्या सांध्यांवर क्षारांची पुटे कोठे धरली आहेत, हे पाहावे. टाकीच्या झाकणाचे रबरही तपासावे. दर चौरस इंचास ७ पौंड दाब वाढला की पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. झाकण दाब धरीना झाले की हा लाभ जातो आणि पाणी वाफ होऊन निघून जाते.

कागद कोरडा, झाकण चांगले, तरी पाणी कमीच! मोटारीच्या मेकॅनिकास नौकेत चकवा बसतो तो येथे. नौकेत पाण्याला पळण्याची एक जादा वाट आहे. विनिमयकाची नळी कुजून छिद्र पडले की चालत्या एंजिनात दाबाखालील गोडे पाणी खाऱ्यात मिसळून समुद्रात जाते. मागे थेंबही राहत नाही. दुसरी गुप्त वाट हेडच्या गॅस्केटमधून सिलिंडरात. एंजिन थंड असता सुरू केल्याबरोबर टाकीत बुडबुडे येऊ लागले, रबरी नळ्या लगेच टणक झाल्या, किंवा वंगण दुधाळ दिसले, तर संशय तिकडे वळवावा.

दोहोंचा निवाडा करण्याची रीत सोपी आहे. थंड एंजिनावर, खाऱ्या पाण्याची झडप बंद करून, विनिमयकाच्या त्या बाजूच्या नळ्या सोडाव्यात आणि टाकीवर हातपंप लावून झाकणावर लिहिलेला दाब द्यावा. उघड्या तोंडातून पाणी ठिबकत राहिले तर दोषी विनिमयक. तेथे कोरडे, कागदही कोरडा, पण दाब उतरतो आहे, तर हेड उघडावे लागणार. चव घेऊन खारेपणा पाहण्याचा मोह मात्र टाळावा. त्या पाण्यात घातलेले ग्लायकॉल गोडसर असले तरी विषारी असते.

काट्यावरही अतिविश्वास नको. पाणी तापमापकाच्या टोकाखाली गेले की ते टोक हवेत राहते आणि काटा अकस्मात उतरतो. खलाशांना हायसे वाटते ते नेमके त्या क्षणी! तेव्हा एंजिन थांबवावे, पण तापलेल्या टाकीचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उसळते. तापल्या एंजिनात बादलीने थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. तासभर थांबावे.

दोष विनिमयकाच्या एकदोन नळ्यांपुरता निघाला, तर त्या नळ्यांची दोन्ही टोके बुचाने बंद करून, थोड्या कमी गतीने, नवा भाग येईपर्यंत काम भागविता येते.