मूत्रपिंडातला न थांबणारा निरोप

सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याहून पूर्णा नदीकडे उतरू लागले की पुढे खारपाणपट्टा लागतो. संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतील कितीतरी घरांनी किडनीच्या आजारात कर्ता माणूस गमावला आहे. लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात. पाण्याचा प्रश्न खराच आहे; पण मधुमेह, उच्च रक्तदाब, मुतखडा आणि अंगदुखीवर रोज घेतलेल्या गोळ्या हेही किडनीचे वैरीच. म्हणून ती आतून कशी निकामी होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीला जोडलेल्या नळीच्या पेशींना इजा झाली की त्या शेजारच्या पेशींना रासायनिक निरोप धाडतात. टीजीएफ-बीटा हा त्यातला प्रमुख. निरोप मिळताच रक्तातून संरक्षक पेशी धावून येतात आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. हाताला विळा लागला तर जखम अशीच भरून येते आणि निरोप थांबतो. पण इजा रोजचीच असेल तर तो थांबत नाही. धाग्यावर धागा चढतो, बारीक रक्तवाहिन्या नष्ट होतात, प्राणवायू कमी पडतो, आणखी पेशी दुखावतात व त्याही तोच निरोप देतात. मदतीची हाकच शेवटी घात करते! मऊ किडनी व्रणांनी कठीण होते. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत.

कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले तर परिणामही टळतो, ही तथागतांची शिकवण इथे तंतोतंत लागू पडते. साखर व रक्तदाब ताब्यात ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. रक्तदाबाची काही औषधे व्रण वाढवणारा निरोपही मंदावतात. ती मनाने बंद करू नका. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. अंगारा-धुपाऱ्यात वेळ दवडू नये.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. गावागावांत स्वच्छ, गोडे पाणी मागणे हा त्याच हक्काचा पुढचा लढा आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की घरातील वडीलधाऱ्यांच्या तपासणीचा दिवसही ठरवा.