रॅम वाढवून द्या ना, मॅडम

आमच्या स्टाफरूममध्ये लॅपटॉप मंदावला की त्याचं कारण आधीच ठरलेलं असतं: रॅम कमी पडते. मराठीचे सर असोत की ऑफिसातले क्लार्क, पिशवीतून लॅपटॉप काढतात आणि म्हणतात, "मॅडम, फार हँग होतो हो. रॅम वाढवून द्या ना." मी कराडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. नेमणूक भौतिकशास्त्राच्या लॅबमधली. पण तारेला डाग देता येतो आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच कपाटात आहे, एवढ्या भांडवलावर कॉलेजभरचे लॅपटॉप माझ्याकडे येतात. रॅम वाढवायला माझी हरकत नाही, पण बऱ्याच वेळा दुखणं दुसरीकडेच असतं.

माझ्या पुतणीचंच घ्या. ती बी.कॉम.ला आहे, सोबत टॅली शिकते. माझ्या दिरांनी तिला पुण्याहून लेनोवोचा जुना थिंकपॅड टी 450 आणून दिला. 2015 चं मॉडेल. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सगळे लॅपटॉप एकदम बदलतात, जुने लॉटने विकतात, आणि तेच साफसूफ करून 'रिफर्बिश्ड' म्हणून दुकानात येतात. थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. ऑफिससाठी बांधलेली ही यंत्रं उघडायला सोपी असतात, म्हणून मला नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा ती बरी वाटतात. पुतणीची तक्रार एका वाक्याची होती: "काकू, तीन टॅब उघडले तरी मरतो हा."

मी तिला म्हटलं, आधी काहीही उघडू नकोस. चालू कर, पाच मिनिटं जाऊ दे आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क कुठे किती दमलेत ते दिसतं. तिच्याकडे 4 जीबी रॅम होती आणि त्यातली बरीचशी विंडोजनेच घेतली होती, पण अजून जागा शिल्लक होती. डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर जाऊन बसलेली. एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही आणि डिस्कला श्वास घ्यायला उसंत नाही.

इथे थोडं सावध वाचावं लागतं, कारण रॅम संपली तरी डिस्क शंभरावर जाते. आमच्या लॅबच्या भाषेत सांगते. रॅम म्हणजे प्रयोगाचं टेबल आणि डिस्क म्हणजे काचसामानाचं कपाट. टेबल लहान पडलं की मुलं निम्मं सामान परत कपाटात ठेवतात, मग पुन्हा आणायला धावतात. विंडोजही हेच करतं; रॅममध्ये न मावणारा मजकूर डिस्कवर टाकतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. म्हणून मी दोन्ही आकडे एकत्र बघते. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि डिस्कही भरलेली, तर रॅम कमी आहे. मेमरीत जागा आहे आणि तरी डिस्क शंभरावर, तर डिस्कच मंद आहे. पुतणीच्या यंत्रात दुसरा प्रकार होता, आणि टॅब उघडले की पहिलाही सुरू व्हायचा.

जुनी हार्डडिस्क मंद का, हे मला भौतिकशास्त्रवाल्यांच्या संगतीत राहून आवडीने सांगता येतं. आत चकत्या फिरतात. साधी डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद. हवा तो मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं; शिवाय ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. सलग मोठी फाइल असेल तर ती सेकंदाला शंभरेक एमबी वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडूनतिकडून वाचल्या जातात, आणि त्या कामात हीच डिस्क सेकंदाला एक एमबीच्या आसपास घसरते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिप. साधी साटा एसएसडी सलग वाचनात पाचशे एमबीच्या पुढे जाते, पण खरा फरक त्या बारक्या फाइलींत पडतो. तिथे ती वीस-तीस पट पुढे असते.

म्हणून 2.5 इंची एसएसडी आधी बसवली आणि रॅमला हातही लावला नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. प्रयोगवहीची सवय, दुसरं काय. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायचे प्रोग्रॅम मिळतात. मी मात्र नवीन विंडोजच टाकते. जुन्या लॅपटॉपमध्ये आधीच्या मालकाचा किती कचरा असतो, विचारू नका.

उघडायची रीत दर मॉडेलची निराळी. लेनोवोची हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल फुकट उतरवून घेता येते. कुठला स्क्रू आधी, कुठली पट्टी नंतर, सगळं चित्रासकट. टी 450 मध्ये एक गंमत आहे, दोन बॅटऱ्या. मागची बाहेरून काढता येते, पुढची झाकणाच्या आत असते. मागची काढून 'आता वीज नाही' असं समजणारे पुष्कळ. त्यासाठी आधी एफ-1 दाबून बायोसमध्ये जायचं, कॉन्फिगमध्ये पॉवर, तिथे आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय आहे. तो निवडला की यंत्र लगेच बंद पडतं. मग चार्जर आणि मागची बॅटरी काढायची. खालच्या झाकणाचे स्क्रू फक्त सैल करायचे. ते झाकणातच अडकून राहतात, फरशीवर शोधत बसावं लागत नाही. ज्याने हे सुचवलं त्याचे मी मनोमन आभार मानते. झाकणाची कड जुन्या एटीएम कार्डाने उचलायची. धातूचा स्क्रू-ड्रायव्हर खुपसला की टवका उडालाच.

नायलॉनची साडी, लोकरी स्वेटर, गालिचा, हे उघडताना नको. थंडीत हवा कोरडी झाली की अंगावर स्थिर वीज साठते. ठिणगी आपल्याला जाणवते ती साधारण तीन हजार व्होल्टच्या वर. चिपला त्याहून बरीच कमी पुरते, म्हणजे ती जाईल तेव्हा तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मी आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावते.

एसएसडी टाकल्यावर यंत्र पटकन सुरू व्हायला लागलं, पण ब्राउझर आणि टॅली एकत्र उघडले की मेमरी पुन्हा नव्वदीवर. आता रॅमची पाळी आली. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिच्याकडे दोनपैकी एक भरलेला होता. त्याच्याच जवळ 'फॉर्म फॅक्टर' असतं. तिथे 'सोडिम' लिहिलं असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर चिप बोर्डावरच सोल्डर केलेल्या आहेत. मोकळा स्लॉटही नसला की तिथे बोलणं संपलं. लॅपटॉप विकत घेण्याआधी दुकानातच ही ओळ बघून घ्या. एवढं एक ऐकलंत तरी मला पुरे.

पट्टी घेताना अक्षरं नीट वाचावी लागतात. टी 450 मधल्या इंटेलच्या पाचव्या पिढीच्या प्रोसेसरला डीडीआर-3 एल लागते, 1.35 व्होल्टवर चालणारी. साधी डीडीआर-3 चालते 1.5 व्होल्टवर. दोन्हींना 204 पिना, खाच एकाच जागी, त्यामुळे चुकीची पट्टीही आरामात बसते आणि यंत्र चालूच होत नाही. लेबलवर पीसी3एल-12800 असं हवं. तो 'एल' नसेल तर पट्टी परत करा. 12800 हा आकडा काही गूढ नाही: सेकंदाला 160 कोटी वेळा, दर वेळी 8 बाइट, म्हणजे 12,800 एमबी. डीडीआर-4 ला 260 पिना असतात आणि खाच निराळ्या जागी, त्यामुळे ती चुकून बसायची भीती नाही. जबरदस्ती करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

जुनी 4 ची पट्टी ठेवून शेजारी 8 ची घातली, एकूण 12 जीबी. "जोडी सारखीच हवी ना?" असं सगळे विचारतात. सारखी असली तर उत्तम; नसली तरी इंटेलच्या अशा यंत्रांत दोन्हींकडचे चार-चार जीबी जोडीने चालतात आणि उरलेले एकेरी. एकाच पट्टीपेक्षा हे बरंच, कारण या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून जातं. पट्टी तिरकी धरून सोनेरी दात पूर्ण आत जाईपर्यंत सरकवायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् आवाज आला पाहिजे. यंत्र चालू झालं नाही तर घाबरण्याआधी पट्टी काढून पुन्हा बसवा. दुकानदार खोडरबराने दात घासतात. मी लॅबमधला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवते, रबराचा चुरा खाचेत जात नाही. त्या रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवायचा. सकाळी एकही चूक दिसली नाही की पट्टी चांगली.

जुनं काय घ्यावं आणि काय नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. रॅम जुनी खुशाल घ्यावी. तिच्यात झिजणारं काही नाही आणि मेमटेस्टमध्ये खरं-खोटं कळतं. डीडीआर-3 एलच्या पट्ट्या आता बऱ्याचदा दुसऱ्या यंत्रांतून काढलेल्याच मिळतात. एसएसडी मात्र नवीच, बिल आणि वॉरंटीसकट; तिच्या चिपवर ठरावीक वेळाच लिहिता येतं आणि आधीच्या मालकाने किती लिहिलं ते आपल्याला कुठे ठाऊक? बॅटरी जुनी कधीच घेऊ नये. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा दाबायला जड झाला तर आतली बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. लॅपटॉप बंद करून ती बदलून घ्या, टोचून किंवा दाबून बघू नका.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही, अंक छापून येईपर्यंत ते बदललेले असतील. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने तर ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा नाही तर पुण्यात तपकीर गल्लीत, चार दुकानांत विचारल्याशिवाय घेऊ नका.

चिप सोल्डर करणं हा सगळाच कंपन्यांचा लबाडपणा नाही. कमी वीज खाणारी मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, शिवाय यंत्र पातळ होतं. अ‍ॅपलने जून 2012 मध्ये एकाच वेळी दोन प्रकारचे मॅकबुक प्रो आणले होते. रेटिना पडद्याच्या मॅकबुकची रॅम सोल्डर केलेली. जाड मॅकबुकची घरी बदलता येणारी, आणि ते 2016 पर्यंत विकलं गेलं. ते जाड मॅकबुक लोक अजून वापरतात. पण रॅम किती हवी हे पाच वर्षांनंतरचं काम ओळखून आजच ठरवायचं, हा ग्राहकावर अन्यायच आहे. डेलच्या अभियंत्यांनी काढलेला कॅम हा नव्या तऱ्हेचा काढता-घालता येणारा मेमरीचा तुकडा 2023 मध्ये मानक म्हणून मंजूर झाला. तो आमच्या स्टाफरूमच्या पिशव्यांत कधी पोचतो ते बघायचं.

पुतणीच्या लॅपटॉपची खरी अडचण स्क्रू-ड्रायव्हरने सुटणारी नव्हतीच. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची थोडे अपवाद सोडता आठवी पिढी. हे यंत्र पाचव्या पिढीचं. सुरक्षेच्या जादा अपडेटची सोय घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. पुढे काय? टॅलीला विंडोज लागतं. आमच्या गावातल्या लग्नपत्रिकावाल्यांचंही तेच, श्रीलिपी आणि पेजमेकरपायी ते जुनं विंडोज सोडत नाहीत. मी एसएसडीचे दोन भाग केले. एकात विंडोज, तिथे फक्त टॅली आणि नेट बंद. दुसऱ्यात लिनक्स मिंट, तिथे ब्राउझर, मेल, बँक. चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं. तिने आधी नाक मुरडलं. मग मिंटवर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सापडला आणि तक्रार थांबली.

पडदाही बदलता आला असता, पण टॅलीसाठी 1366 बाय 768 पुरतो. प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला, तो विषयच नव्हता. पंख्यातली धूळ ब्रशने काढली, एवढंच.

राहिली काढलेली हार्डडिस्क. दिरांना ती लगेच विकायची होती. मी आधी यूएसबीच्या डबीत घालून तिच्या खराब सेक्टरांचा आकडा पाहिला. तो शून्य निघाला, म्हणजे विकायला हरकत नव्हती. पण नुसतं फॉरमॅट मारून फाइली जात नाहीत, फक्त त्यांची यादी पुसली जाते. विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्रॅममध्ये तीच डिस्क निवडली आहे ना हे दोनदा बघून 'क्लीन ऑल' दिलं. ते प्रत्येक जागी शून्य लिहीत जातं, वेळ खातं. दिरांना सांगितलं, आज नाही, उद्या या.